हौशी रेडिओ मंडळे : छंदातून लोकसेवेकडे

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा कोसळला. घरे मातीखाली गाडली गेली आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेची वार्ता बाहेरच्या जगाला कळली ती कोणत्याही यंत्रामार्फत नव्हे. त्या मार्गाने गेलेल्या राज्य परिवहन महामंडळाच्या बसचालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याने ती गोष्ट कळविली. गावात जे घडले ते सांगावयास गावातून निरोप निघू शकला नव्हता.

खेड्यात जे घडले ते महानगरातही घडू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईच्या अनेक भागांत वीज आणि दूरध्वनी यांची सेवा कोलमडली. मोबाइल सेवेचे मनोरे विजेवर चालतात. वीज गेल्यावर त्यांच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात आणि मग तेही मुके होतात. मनोरा चालू असला तरी हजारो लोक एकाच वेळी बोलू लागल्यास मार्ग तुंबतात. मदतीची सर्व साधने सज्ज असली तरी ती कोठे हवी आहेत, हे कळल्याखेरीज निघू शकत नाहीत. म्हणूनच निरोप हा मदतीचा पहिला टप्पा होय.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक व्यवस्था आपल्या देशात शंभर वर्षांपासून आहे. ती म्हणजे हौशी रेडिओ. सुटीच्या दिवशी एखाद्या टेकडीवर काही माणसे झाडाला तारा बांधून बसलेली, कानाला यंत्र लावून दूरच्या कोणाशी बोलत असलेली दिसतात. पाहणाऱ्यास तो निव्वळ खेळ वाटतो. वस्तुतः त्या खेळातच पुढील सेवेची तालीम होत असते.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

स्वतःची बिनतारी यंत्रणा उभारून, कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता, इतर परवानाधारकांशी संपर्क साधणे म्हणजे हौशी रेडिओ. हा छंद असणाऱ्यांना जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात. या छंदासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो. वीज व रेडिओ यांची मूलतत्त्वे आणि नियम यांची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तो मिळतो. प्रत्येक परवानाधारकाला एक संकेतनाम दिले जाते. भारतातील बहुतेक संकेतनामे ‘व्हीयू २’ किंवा ‘व्हीयू ३’ या अक्षरांनी सुरू होतात. संकेतनाम ऐकताच बोलणारा कोणत्या देशाचा आहे, हे जगातील कोणत्याही हौशी केंद्राला समजते. हौशी केंद्रावरून व्यापारी निरोप पाठविता येत नाहीत, गुप्त सांकेतिक भाषा वापरता येत नाही आणि कामाचा मोबदलाही घेता येत नाही.

भारतात या छंदाचा आरंभ १९२१ मध्ये कलकत्ता येथे अमरेंद्रचंद्र गुप्त यांनी केला. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये ध्वनिक्षेपण सुरू केले, तेव्हा देशात नभोवाणीची नियमित सेवा अस्तित्वात आलेली नव्हती. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, महू येथील लष्कराच्या सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रात हौशी रेडिओधारकांची संघटना स्थापन झाली. पुढे १९५४ मध्ये ती दिल्लीस गेली आणि अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. हैदराबाद येथे १९८३ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था उभी राहिली.

डोंगरावर कशासाठी?

घरी बसून जगाशी बोलता येत असताना ही मंडळी यंत्रे पाठीवर घेऊन डोंगर का चढतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर रेडिओ लहरींच्या स्वभावात आहे.

हातात मावणारी छोटी यंत्रे बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चालतात. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि वाटेत डोंगर आला की अडतात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरलेल्या अशा यंत्राचे क्षितिज सपाट प्रदेशात अवघे पाच किलोमीटर असते. तेच यंत्र ९०० मीटर उंचीच्या कड्यावर नेले तर त्याचे क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाते. यंत्र तेच, बॅटरी तीच. फरक केवळ जागेचा. यासाठीच काही ठिकाणी उंचावर ‘रिपीटर’ नावाचे यंत्र बसवितात. ते खालून आलेला क्षीण आवाज एका वारंवारतेवर घेते आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोमाने पुढे पाठविते.

सह्याद्रीच्या खोल दऱ्यांत मात्र ही युक्ती नेहमी चालत नाही. तेथे ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी उपयोगी पडतात. सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार मधोमध तोडून दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर ताणली की एरियल तयार होते. ही तार जमिनीपासून तीन-चार मीटर उंचीवरच बांधली, तर बऱ्याचशा लहरी सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परततात आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारख्या खाली येतात. मधला डोंगर त्यांना अडवू शकत नाही. एका दरीतून शेजारच्या दरीत निरोप धाडावयाचा तर तो आकाशामार्गे धाडता येतो. रात्र पडली की हा वरचा थर बदलतो, आणि मग त्याहून खालची वारंवारता निवडावी लागते.

हे ज्ञान पुस्तकात मिळते. परंतु भर पावसात, अंधारात, झाडाच्या नेमक्या फांदीवरून दोरी टाकून अर्ध्या तासात तार चढविणे पुस्तकातून येत नाही. त्यासाठीच हौशी मंडळे मैदानी शिबिरे भरवितात. अमेरिकेत १९३३ पासून दर वर्षी जून महिन्यात ‘फील्ड डे’ साजरा होतो. त्या दिवशी अनेक हौशी केंद्रे तंबूत थाटली जातात आणि बॅटरी वा जनित्र यांच्या बळावर रात्रंदिवस चालविली जातात. ऑगस्ट महिन्यात जगभरच्या दीपगृहांवरून केंद्रे चालविण्याचा उपक्रम होतो, आणि त्यात भारतातील हौशी मंडळीही भाग घेतात. ऑक्टोबरमध्ये बालवीरांचा बिनतारी मेळावा भरतो; ही प्रथा १९५८ पासूनची आहे.

याच जातीचा आणखी एक खेळ म्हणजे लपविलेला प्रक्षेपक शोधणे. एक छोटा प्रक्षेपक झाडीत दडवून ठेवतात आणि स्पर्धक दिशादर्शी एरियल फिरवून त्याचा माग काढतात. एका जागेवरून दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा दिशा घ्यावयाची आणि नकाशावर दोन्ही रेषा जेथे छेदतील तेथे जावयाचे. मुलांना यात चोर-शिपायाच्या खेळाइतकाच आनंद मिळतो. त्याच वेळी नकाशावाचन, दिशाज्ञान आणि यंत्राची ओळख त्यांच्या अंगवळणी पडते.

जत्रा, शर्यती आणि शिस्त

शिबिरात यंत्र हाताळण्याचा सराव होतो. माणसे हाताळण्याचा सराव मात्र सार्वजनिक कार्यक्रमांतून होतो. लांब पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यती, सायकलफेऱ्या आणि यात्रा यांच्या संयोजकांना अनेक ठिकाणी हौशी रेडिओ मंडळे साहाय्य करतात. पश्चिम बंगालमधील गंगासागर यात्रा हे याचे ठळक उदाहरण होय. मकरसंक्रांतीला सागर बेटावर लाखो भाविक लोटतात. गर्दीत हात सुटलेली वृद्ध माणसे, पत्ता सांगता न येणारी मुले आणि परप्रांतातून आलेले, भाषा न जाणणारे यात्रेकरू यांना आप्तांकडे पोहोचविण्याचे काम तेथील हौशी रेडिओधारक अनेक वर्षे करीत आले आहेत. त्यांचे जाळे देशभर पसरलेले असल्याने हरवलेल्या माणसाच्या गावाचा तपास दूरच्या राज्यातील सहकाऱ्यामार्फत करता येतो.

अशा कार्यक्रमात एक केंद्र नियंत्रक असते. इतर सर्व केंद्रे त्याच्या परवानगीने बोलतात, कारण एका वारंवारतेवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. निरोप निकडीचा आहे, महत्त्वाचा आहे की नित्याचा, हे बोलणाऱ्याने आधी सांगावयाचे. निरोप नोंदवहीत लिहावयाचा आणि ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवावयाचा. “लवकर या, इकडे कोणी तरी पडले आहे,” हा निरोप निरुपयोगी ठरतो. “चौकी क्रमांक पाचच्या उत्तरेस दोनशे मीटरवर एक धावपटू बेशुद्ध, रुग्णवाहिका हवी,” हा निरोप एखाद्याचा प्राण वाचवू शकतो. घाबरलेल्या माणसाकडून पहिल्याऐवजी दुसरा निरोप निघावा, यासाठी तो न घाबरलेल्या दिवशी अनेकदा बोललेला असावा लागतो.

अमेरिकेतील बोस्टन शहरात १५ एप्रिल २०१३ रोजी मॅरेथॉन शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. नागरिकांच्या एकाच वेळच्या बोलण्याने मोबाइल मार्ग तुंबले. तथापि शर्यतीच्या मार्गावरील वैद्यकीय चौक्यांवर हौशी रेडिओधारक स्वयंसेवक सकाळपासून हजर होते, आणि त्यांचे निरोप चालू राहिले. त्यांना संकटाची पूर्वसूचना नव्हती. ते पाणी, पट्ट्या आणि थकलेले धावपटू यांच्या निरोपांसाठी तेथे होते.

अंदमानचा धडा

आपल्या देशात याचा सर्वांत बोलका अनुभव २००४ मध्ये आला. त्या वर्षी डिसेंबरात श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओधारकांचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. अंदमान बेटांवरून हौशी केंद्र फार क्वचित ऐकू येत असे. त्यामुळे ‘व्हीयू ४’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेतनामाशी संपर्क साधण्यास जगभरचे छांदिष्ट उत्सुक होते. हेतू निव्वळ छंदाचा होता. २६ डिसेंबर रोजी सकाळी सुमात्राजवळ प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटांनी बेटांना तडाखा दिला. नेहमीचे संदेशवहन खंडित होताच पथकाने छंदाचे प्रक्षेपण थांबविले आणि त्याच यंत्रांवरून आपत्कालीन निरोप पाठविण्यास आरंभ केला. बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातेवाइकांना कळविण्यात आली. पुढे कार निकोबार येथेही केंद्र उभारण्यात आले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मदत बाहेरून पोहोचण्याची वाट पाहावी लागली नाही. एरियल उभे होते, यंत्रे चालू होती आणि चालविणारे हात सरावाचे होते.

काय करता येईल?

हौशी रेडिओ हा पोलिसांच्या बिनतारी व्यवस्थेस वा दूरध्वनीस पर्याय नव्हे. परवानाधारक संख्येने थोडे आहेत आणि आपापले व्यवसाय सांभाळून हे काम करतात. त्यांच्या बॅटऱ्याही अमर्याद नाहीत. म्हणून त्यांचा उपयोग आयत्या वेळी नव्हे, तर आधीच योजावयास हवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे स्थापन झाली आहेत. जिल्ह्यातील परवानाधारकांची यादी या प्राधिकरणाच्या नियंत्रण कक्षात असणे, पावसाळ्यापूर्वीच्या रंगीत तालमीत त्यांना बोलावणे आणि दरडीचा धोका असलेल्या गावांतून निरोप कोणत्या माथ्यावरून निघू शकतो याची चाचणी घेऊन ठेवणे, ही खर्चाची कामे नव्हेत. यात्रा व शर्यती यांच्या संयोजकांनीही या मंडळांना निमंत्रण दिल्यास गर्दीची सोय होईल आणि मंडळांचा सरावही होईल.

शाळा-महाविद्यालयांना यात मोठा वाव आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात सोडण्यात आला. हौशी रेडिओच्या वारंवारतेवर निरोपांची देवघेव करणे हे त्याचे कार्य होते. उपग्रहापर्यंत पोहोचलेली ही विद्या गावच्या टेकडीवरही रुजविता येईल. परीक्षा देण्याची तयारी, थोडी साधने आणि मार्गदर्शन करणारे एक मंडळ एवढे असले की आरंभ होऊ शकतो.

सुटीच्या दिवशी टेकडीवर तार बांधणारी मंडळी दिसली तर त्यांच्याजवळ जाऊन चार प्रश्न अवश्य विचारावेत. त्या तारेचा उपयोग कधी पडू नये, अशीच सर्वांची इच्छा असते. परंतु एखाद्या दरीतून निरोप निघण्याचे इतर सारे मार्ग बंद झाले, तर तो निरोप निघण्याची सोय तेथे झालेली असेल.