रामेश्वराच्या पलीकडचे गाव

काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यायची, हा रिवाज फार जुना. वाटेत नाथमहाराजांनी ती गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. पण रामेश्वराच्याही पलीकडे धनुष्कोडी नावाचे गाव होते. त्याची हकिकत आज आपण वाचू.

रामेश्वर हे तमिळनाडूजवळचे बेट आहे. मधला समुद्र ओलांडायला १९१४ साली पांबन येथे रेल्वेचा पूल झाला. लांबी सुमारे दोन किलोमीटर. पुलाचा मधला भाग जहाज आले की दोन बाजूंनी वर उचलायचा, जहाज गेले की खाली सोडायचा. मोटारींचा पूल झाला तो १९८८ साली. तोवर बेटावर जायचे तर आगगाडी, नाहीतर होडी.

आगगाडी थेट बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीला जाई. तिथे उतारू आगबोटीत बसत आणि सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, तलाईमन्नारला उतरत. त्यामुळे वाळूच्या त्या अरुंद पट्टीवर गाव वाढले. स्टेशन, पोस्ट, जकातीची कचेरी, शाळा, दवाखाना, देऊळ, चर्च, सारे होते. दोन्ही अंगांना समुद्र आणि मध्ये रूळ.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री तिथे मोठे चक्रीवादळ आले. अशा वेळी नुसत्या लाटा येत नाहीत बरे! जोराचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि सारा समुद्रच वर चढतो. डोंगर असला तर माणूस वर पळेल. तिथे सगळी सपाट वाळू. त्याच वेळी पांबनहून धनुष्कोडीला एक गाडी चालली होती. स्टेशन जवळ आले असतानाच तिच्यावर पाणी आले. गाडीतली शंभरावर माणसे बुडाली. एकही वाचले नाही. गाव तर वाहूनच गेले.

पांबनच्या पुलाचीही दशा झाली. १४५ गाळ्यांपैकी १२६ गाळ्यांच्या लोखंडी तुळया समुद्रात पडल्या. उचलण्याचा भाग तेवढा राहिला. दुरुस्तीचे काम ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरकडे आले. पुढे कोकण रेल्वे बांधली ते हेच. त्यांनी समुद्रात पडलेल्या तुळया काढून पुन्हा चढवल्या आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. नंतर या पुलावर वारा मोजायचे यंत्र बसले. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल होई. मग गाडी कितीही भरलेली असो, थांबायचे. खोळंबा झाला म्हणून उतारू चिडत असतील; पण आमच्या मते असा खोळंबा सोसावा.

खारी हवा लोखंड खाते. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पुलावरची गाडी बंदच झाली. उतारूंना मंडपमला उतरून पुढे बसने जावे लागे. एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल खुला झाला. याचा मधला भाग सबंधच सरळ वर जातो, विहिरीतून बादली वर यावी तसा.

धनुष्कोडीचा फाटा मात्र वादळानंतर पुन्हा घातला नाही. गाव राहण्यास योग्य नाही, असे सरकारने ठरवले. ते चूक म्हणवत नाही. पण कोळी परत आलेच. मासळी तिथे, तर ते दुसरीकडे जाऊन काय करणार? मोडक्या स्टेशनाच्या आसपास त्यांनी झोपड्या घातल्या. डांबरी रस्ता २०१७ साली झाला. तोवर मासळीची टोपली वाळूतूनच न्यायची.

आणि पिण्याचे पाणी? दोन्हीकडे समुद्र असून तिथे गोडे पाणी मिळते! पावसाचे पाणी वाळूत मुरते. खारे पाणी जड, गोडे हलके. म्हणून गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. जास्त खोल खणले की खारे वर येते. बायका वाळूत उथळ खड्डा करतात, पाणी झिरपेपर्यंत बसून राहतात आणि लहान भांड्याने हळूहळू घागर भरतात.