ट्रॉलीचे ओझे कोणाच्या माथी?



दसरा-दिवाळी झाली की आपल्या आष्टी-पाटोद्याकडची माणसे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. त्यांनी तोडलेला बराचसा ऊस ट्रॅक्टरच कारखान्यावर पोचवतो. त्या ट्रॉलीत वजन किती भरावे, हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. वस्तुतः तो मजुरीचाही आहे.

प्रथम हिशेब पाहू. ट्रॉलीच्या नोंदणीत दोन आकडे असतात: रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की मालाची मर्यादा निघते. समजा कमाल वजन 8 टन व रिकामे 2 टन आहे; तर ऊस 6 टन, त्याहून मोळीभरही अधिक नाही.

"पण ट्रॅक्टर ओढतो ना!" असे यावर हमखास ऐकू येते. ओढणे ही इंजिनाची परीक्षा. थांबणे ही ब्रेकची. सपाटीवर जे ओझे मुकाट्याने मागे येते, तेच उतारावर ट्रॅक्टरला पुढे रेटते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर सारा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर पडतो आणि ट्रॅक्टर आडवा फिरू शकतो. ब्रेकचा जोर तेवढाच राहून वजन दुप्पट झाले, तर थांबायला अंतर दुप्पट लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. शिवाय ऊस जितका उंच रचावा तितकी ट्रॉली वळणावर कलंडण्याची भीती अधिक. बैल थकला तर त्याची धाप दिसते. ट्रॅक्टर तक्रार करीत नाही.

चालकाला हे कळत नाही काय? चांगले कळते. परंतु तोडणीची मजुरी टनावर, वाहतुकीचे भाडे टनावर आणि ट्रॅक्टरचा हप्ताही त्याच टनांतून फेडायचा. मग खेप वाचवण्यासाठी मोळीवर मोळी चढते. अपघात झाला की दोष मात्र एकट्या चालकाचा!

कायदा तसे म्हणत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 113 सांगते की, चालक मालक नसेल तर जादा वजन मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली दंड 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये आहे.

जादा वजन ही गुप्त गोष्टही नव्हे. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेप मोजली जाते, पावतीवर आकडा येतो. फक्त तो येतो धोक्याचा रस्ता संपल्यावर. म्हणून मागणी साधी आहे: मालाची मर्यादा ट्रॉलीच्या फळीवर ठळक लिहावी, पावतीवर ती ओलांडलेली दिसताच मालकाला जाब विचारावा, आणि मर्यादेतल्या खेपेवर संसार चालेल असा दर द्यावा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती मजुरांच्या संघटित रेट्याने. वाहतुकीच्या चालकांनाही तोच मार्ग मोकळा आहे.

आणि आपण शहाणी गावकरी मंडळी? घर बांधताना आपणही विटा-खडीची ट्रॉली मागवतो. "एकाच खेपेत आण" म्हणण्यापूर्वी दुसऱ्या खेपेचे भाडे खिशात काढून ठेवावे. ते एखाद्या जिवापेक्षा खचित स्वस्त आहे.