ट्विटर सोडणाऱ्यांची कोंडी

ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर विकत घेतले आणि खातेधारकाची ओळख तपासल्यावरच दिली जाणारी निळी खूण काही दिवसांतच पैसे भरणाऱ्यांना मिळू लागली, तेव्हा तोतया खात्यांचा सुळसुळाट होऊन अनेकांचा या माध्यमावरील विश्वास उडाला. तरीही विश्वास उडणे आणि प्रत्यक्ष बाहेर पडणे यांत मोठे अंतर राहिले, कारण अशा माध्यमाची उपयुक्तता त्यावरील माणसांच्या संख्येबरोबर वाढते, ज्याला अर्थशास्त्रात ‘नेटवर्क इफेक्ट’ म्हणतात, आणि एकट्याने निघणाऱ्याला वर्षानुवर्षे जोडलेला वाचकवर्ग मागेच ठेवावा लागतो. हा दोष खातेधारकाच्या चंचलपणाचा नसून माध्यमाच्या रचनेचा आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

या रचनेला एक पर्याय आहे: जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम, ज्याकडे नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवरून अनेक भारतीयही वळले होते, एका मालकाचे नसून स्वतंत्रपणे चालवलेल्या, परंतु परस्परांशी संवाद साधू शकणाऱ्या अनेक सर्व्हरांचे बनलेले आहे. तेथे सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत नेता येतात, जुना मजकूर मात्र नेता येत नाही. ट्विटर सोडण्याचा निर्णय संस्थांनाही सोपा गेला नाही: ‘द गार्डियन’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या अधिकृत खात्यांवरून लिहिणे थांबवले, पण बातम्या मिळवण्यासाठी आपल्या पत्रकारांना तेथे वावरण्याची मुभा कायम ठेवली.