रंगीत दूरदर्शन आमच्या किनाऱ्यावर

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे चुंबकमापनाच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेतील हे नाजूक काम १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले. मुंबईच्या विजेपासून पळून आलेल्या यंत्रांना ज्या गावाने आसरा दिला, त्याच गावाने पुढे मुंबईच्याच विद्युतलहरी पकडण्यासाठी कौलांवर काठ्या उभारल्या, याची आम्हांस नेहमीच गंमत वाटत आली आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच असला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे साठ-सत्तर किलोमीटरांपलीकडे त्याची दृष्टी पोचत नाही. अलिबाग सुमारे चाळीस किलोमीटरांवर, आणि मध्ये नुसते पाणी. म्हणून तेथे चित्र बरे दिसे. मुरूड त्या मर्यादेच्या कडेवर, श्रीवर्धन तर पार पलीकडे, शिवाय डोंगर आडवे. तेथे उंच बांबू, त्यावर अँटेना, तिला बूस्टर, एवढे करूनही पडद्यावर मुंग्याच फार! खाऱ्या वाऱ्याने तारांचे सांधे गंजत, तो त्रास वेगळाच.

अशा स्थितीत १९८२ साल उजाडले. १५ ऑगस्टच्या समारंभाचे प्रक्षेपण रंगीत झाले आणि १९ नोव्हेंबरपासून दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्या निमित्ताने सरकारने रंगीत संचांच्या आयातीस सवलत दिली. आता कोणी विचारील की, रंगीत प्रक्षेपण सुरू होताच जुने संच निकामी कसे झाले नाहीत? कॅमेरा चित्राचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग करतो खरे. परंतु ते तसेच न धाडता, त्यांच्या मिश्रणातून आधी नुसता उजेड-अंधाराचा संदेश तयार करतात आणि रंगांची माहिती त्याच्या पोटात बेमालूम घालतात. जुना संच उजेड-अंधार तेवढा वाचतो. नवा दोन्ही वाचतो. या सोयीमुळेच रंगीत संच घेणे ही गरज न राहता घरातील वादाचा विषय झाली. ज्यांना तो परवडत नसे ते काचेवर रंगीत प्लास्टिकचा पत्रा लावीत. वर निळा, खाली हिरवा. आकाश आणि शेत असले की साधे; बातम्या सांगणाऱ्या बाईंचे कपाळ मात्र निळे दिसे!

खरी फजिती वेगळीच होती. साठवलेल्या पैशांतून रंगीत संच आणावा, शेजारीपाजारी जमावेत, आणि चित्र उमटावे काळे-पांढरे! दुकानदाराने फसविले, असा बोभाटा होई. वास्तविक दोष संचाचा नसे. रंगाचा संदेश उजेडाच्या संदेशापेक्षा दुबळा. तो फार क्षीण झाला, तर पडद्यावर रंगांचे नुसते ठिपके नाचतील. ते टाळण्यासाठी संचातच अशी योजना असते की, भरवशाचा रंगसंदेश न मिळाल्यास रंग आपोआप बंद व्हावा. म्हणजे संच प्रामाणिकपणे वागत होता. कमी पडत होती ती काठी. जुन्या संचाला पुरेशी असलेली अँटेना नव्याला पुरत नसे, हे अनेकांना पैसे मोजल्यावर कळले. सायंकाळी विजेचा दाब उतरे, त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यावा लागे, तो खर्च निराळा.

श्रीवर्धन-म्हसळ्याकडील अनेक घरांत रंग आखातातून आला. तिकडे नोकरीस गेलेली मुले सुटीवर येताना संच घेऊन येत. दुबईची रंगपद्धती आणि आपली, दोन्ही ‘पाल’च, त्यामुळे तो संच येथे चाले. तथापि तेथे संच आधी आणि लहरी मागाहून, असा उलटा प्रकार घडला. कमी शक्तीची प्रक्षेपणकेंद्रे आणि उपग्रह यांनी १९८३ नंतर देशभर ही उणीव हळूहळू भरून काढली. २५ जानेवारी १९८७ला ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी ज्या घरी रंग असेल त्या घराच्या ओटीवर चपलांचा ढीग पडू लागला.

जुना संच मात्र कोणी टाकून देत नसे. तो माजघरात जाई आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा होई. त्याची वायर त्याच काठीला जोडलेली असे. आणि अलिबागेतल्या साऱ्या काठ्यांची तोंडे उत्तरेला, वरळीकडे असत.