सुरांना चेहरा देताना

१६ ऑक्टोबर १९१२. बर्लिनच्या कोरालियन सभागृहात अर्नोल्ड श्योनबर्गची नवी रचना पहिल्यांदा सादर होत होती. वादक पडद्याआड बसले होते. प्रेक्षकांना दिसत होती ती एकटी आल्बर्टिने त्सेमे, जुन्या युरोपीय प्रहसनांतल्या पात्राचा वेश करून उभी असलेली. रचनेचं नाव ‘पियरो ल्युनेर’. पियरो म्हणजे पांढऱ्या तोंडाचा, ढगळ अंगरख्याचा, सदा दुखावलेला विदूषक. एकवीस कविता, पाच वादक, त्यांच्या हाती आलटून पालटून आठ वाद्यं, आणि एक आवाज. तोही धड गाणारा नाही आणि धड बोलणारा नाही. सूर पकडायचा आणि पकडल्या पकडल्या सोडून द्यायचा, अशी श्योनबर्गची मागणी. त्यासाठी चाळीसएक तालमी झाल्या होत्या.

त्सेमे मूळची नटी, आणि ही रचना तिनंच श्योनबर्गकडून करून घेतलेली. तिच्या वेशामुळे एक अवघड गोष्ट सोपी झाली. नुसत्या कानाला विचित्र वाटणारा तो आवाज कुणाचा आहे, हे डोळ्यांना कळलं. आजही अनेक कलावंत ही रचना वेश करूनच सादर करतात. मोल्दोव्हात जन्मलेली व्हायोलिनवादक पात्रिशिया कोपाचिन्स्काया त्यांतली ठळक. व्हायोलिन बाजूला ठेवून, तोंडाला पांढरा रंग फासून ती स्वतःच पियरो होते. २०२१ साली तिचा हा आवाज ध्वनिमुद्रिकेवरही आला.

‘गाणं ऐकायचं असतं, बघायचं काय त्यात?’ असं म्हणणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी चिया-जुंग त्साय यांचा २०१३ सालचा प्रयोग जरूर माहीत करून घ्यावा. त्साय स्वतः पियानोवादक आणि मानसशास्त्राच्या संशोधक. अभिजात संगीताच्या नामांकित स्पर्धांमध्ये अंतिम फेरीत पोचलेल्या तीन-तीन वादकांच्या छोट्या चित्रफिती त्यांनी लोकांपुढे ठेवल्या. काहींना फक्त आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं, काहींना दोन्ही. प्रश्न एकच : पहिला नंबर कुणाचा आला असेल? आवाजावरूनच ओळखता येईल, असं बहुतेकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात विजेता सर्वांत चांगला ओळखला तो मुकी चित्रफीत पाहणाऱ्यांनी. व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद नव्हते.

आपल्या शास्त्रकारांना याचं नवल वाटलं नसतं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. त्यांत बेसूरपणा आहे, अस्पष्ट उच्चार आहेत, आणि थेट चेहऱ्याचे दोषही आहेत. भेसूर तोंड वासून गाणारा ‘कराली’, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा ‘तुंबकी’, डोळे मिटून गाणारा ‘विनिमीलक’. म्हणजे गवई समोर बसला की तो दिसणारच, आणि दिसणं हा गाण्याचाच भाग, हे देवगिरीत पक्कं ठाऊक होतं.

मग हे दिसणं ठरवायचं कुणी? वेश, रंग आणि कॅमेरा यांच्या गोष्टीत खरी मेख इथेच आहे. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचं उदाहरण घ्या. शालू, दागिने, केसांत माळलेली फुलं आणि त्यातून उमटणारी रागदारीची पदं यांनी महाराष्ट्राला वेड लावलं. ती रंगभूषा शेवटच्या रांगेतून बघण्यासाठी केलेली असे. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त ते पुरुषवेशात, संत एकनाथ म्हणून पडद्यावर आले. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी पडद्यावरही स्त्रीवेश घेतला. वय पन्नाशीला टेकलेलं. रंगमंचावर प्रेक्षक दुरून बघतो आणि उरलेलं स्वतःच्या मनानं भरून काढतो. कॅमेरा जवळ येतो आणि भरून काढायला जागाच ठेवत नाही. गळा तोच, वेशही तसाच, पण बघण्याचं अंतर बदललं की अर्थ बदलतो.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याला हे अंतर फार नेमकं कळलं होतं. १९६४ साली त्यानं जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि तो स्टुडिओत रमला. पुढे विग, मिशा आणि चष्मे चढवून तो दूरचित्रवाणीवर वेगवेगळी पात्रं उभी करू लागला. त्यांत इंग्रज संगीत-संचालक होता, जर्मन संगीतकारही होता. ही सगळी पात्रं संगीताबद्दल बोलत. मैफलीतल्या गंभीर पियानोवादकाला जे सांगता आलं नसतं, ते या मंडळींच्या तोंडून सांगता आलं. कॅमेऱ्यासमोर आपण कोण म्हणून बसायचं, हे आता त्याच्या हातात होतं.

हे स्वातंत्र्य आज फोनमुळे कुणाही कलावंताला आहे. कोरोनाच्या काळात, २५ एप्रिल २०२० रोजी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चाळीसहून अधिक कलावंत आपापल्या घरातून घरगुती उपकरणांसमोर गायले. सोप्रानो एरिन मॉर्लीनं तर स्वतःच पियानोची साथ करत दोनिझेत्तीचं पद म्हटलं. ना नेपथ्य, ना रंगभूषाकार.

स्वतःच रंगायचं, स्वतःच चित्रित करायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पियरोसारखा पांढरा चेहरा करून काळ्या पडद्यापुढे बसा. फोनला भोवतालचा काळोख दिसतो, तो उजेड वाढवतो, आणि चेहऱ्याचा नुसता पांढरा ठिपका होतो. डोळ्यांभोवती तासभर बसून काढलेल्या काजळाच्या रेषा विरून जातात. मग पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरायचं, उजेडाचं माप तिथेच कुलूपबंद करायचं आणि थोडं खाली ओढायचं. आवाजाची तऱ्हा आणखी वेगळी. फोन मुळात बोलण्यासाठी घडवलेला. अनेक फोन आणि व्हिडिओ कॉलची ॲप्स तानपुऱ्याच्या अखंड गुंजनाला पंख्याची घरघर समजून दाबून टाकतात. म्हणून जाणते लोक आवाज वेगळ्या मायक्रोफोनवर आधी घेतात आणि चित्रीकरणाच्या वेळी तोच लावून त्याबरहुकूम ओठ हलवतात.

ऑपेरात किंवा नाट्यपदात हे जमतं, कारण चाल बांधलेली असते. ख्यालात मात्र पंचाईत होते. उत्स्फूर्तपणे घेतलेली तान चित्रासाठी पुन्हा ओठांवर आणायची, तर आपलीच उपज पाठ करावी लागते, आणि पाठ केलेली उपज चेहऱ्यावर लगेच कळते. त्यापेक्षा ओठ न हलवता नुसता भाव दाखवणं कितीतरी प्रामाणिक. कथक नर्तक शंभू महाराज बसल्या जागी ठुमरीची एकच ओळ डोळ्यांनी आणि हातांनी परोपरीनं उलगडून दाखवत. त्यांना वेगळ्या वेशाची गरजही पडत नसे.

रागाला रूप द्यायचं तर हाताशी रागमाला-चित्रांचा खजिनाही आहे. १६०५ साली चावंडला नसीरुद्दीन या चितारानं रंगवलेली मेवाडची रागमाला त्यांतली प्रसिद्ध. या परंपरेत भैरव शंकराच्या रूपात येतो. तोडी म्हणजे हाती वीणा घेतलेली, हरणांना भुलवणारी तरुणी. हा वेश जसाच्या तसा उचलून त्यावर आजची मियाँ की तोडी गाण्याचा मोह कुणालाही होईल. तिथे थांबून विचार करायला हवा. कर्नाटक संगीतात आजही ‘तोडी’ म्हणून जो राग गातात, त्याचे स्वर आपल्या भैरवीला जवळचे आहेत, आणि जुन्या चितारांच्या काळातली उत्तरेकडची तोडीही तशीच असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे हरणं जिच्याभोवती जमली होती, ती तोडी आणि मियाँ की तोडीतला तीव्र मध्यम यांची कदाचित गाठही पडलेली नाही. त्या मध्यमाला कोणता रंग, कोणती नजर आणि किती उजेड लागेल, हे त्या चित्रात सापडणार नाही. ते फोन तिपाईवर लावण्याआधी तानपुऱ्यापाशी बसूनच ठरवावं लागेल.