पेट्रोलचा डबा आणि घरातला कापूस

फवारणीचे दिवस आले की बेला, जैनथ, तांसी भागात कितीतरी घरी पेट्रोलचा डबा येऊन बसतो. पॉवर पंपाला ते लागतेच. पुढे वेचणी होते, भाव येईपर्यंत कापूस घरातच साठतो, आणि डबा मात्र कोपऱ्यात तसाच राहतो. म्हणून या वेळी पेट्रोलमधल्या एका द्रव्याची ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्ही ठरवले.

त्याचे नाव आयसोऑक्टेन. कार्बनचे ८ व हायड्रोजनचे १८ अणू मिळून त्याचा रेणू होतो. यातले कार्बन ज्वारीच्या धाटासारखे सरळ नसतात, पऱ्हाटीसारखे फांद्या फुटलेले असतात. या फांद्यांमुळेच ते इंजिनाला मानवते. सरळ साखळीचे हेप्टेन दाबाने व उष्णतेने वेळेआधीच पेटते आणि इंजिन ठोके देते. आयसोऑक्टेन दम धरते. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६ साली या दोघांवरून माप बसवले: हेप्टेनला ०, आयसोऑक्टेनला १००. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा सांगतात तो याच मापाने.

इंजिनात दम धरणारे हे द्रव्य घरात मात्र मुळीच धरत नाही. उकळायला त्याला ९९ अंश लागतात खरे, पण उणे १२ अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघते. पंपावरचे पेट्रोल तर याहूनही थंडीत वाफ सोडते, कारण त्यात आणखी हलकी द्रव्ये असतात. तेव्हा आदिलाबादच्या डिसेंबरातल्या कडाक्याचा भरवसा धरू नये. ही वाफ हवेच्या जवळजवळ चौपट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत किंवा प्रार्थनेच्या मेणबत्तीपर्यंत पोचते. शंभर भाग हवेत एखादा भाग वाफ असली तरी भडका उडतो, आणि ज्योत वाफेच्या वाटेने उलटी डब्याकडे धावते. मध्ये कापूस असला तर विचारायलाच नको. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. ते पाण्याहून हलके, पाण्यावर तरंगत आग पसरवते. थोडी आग असेल तर कोरडी माती किंवा वाळू टाकावी. मोठी असेल तर माणसे आधी बाहेर काढावीत.

पंपाची टाकी भरण्यापूर्वी इंजिन बंद करून निवू द्यावे, आणि टाकी उघड्यावर भरावी.

दुसरा धोका नळीचा. गाडीतून पेट्रोल काढताना तोंडाने नळी ओढायची सवय आपल्याकडे फार. हे द्रव्य इतके पातळ असते की घोट चुकला तर श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते. कोणी पेट्रोल गिळले तर ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. ओकताना तेच पुन्हा फुप्फुसात जाते. खोकला किंवा धाप लागली नसली तरी लगेच १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. त्रास काही तासांनीही सुरू होतो.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात. आमच्या मते घरी तेवढेही नको. दोन दिवसांपुरते आणावे आणि कापसापासून, गोठ्यापासून दूर, सावलीत ठेवावे. थंड पेयाच्या बाटलीत ते कधीच भरू नये. तहानलेले लेकरू आधी बाटली ओळखते, वास नंतर.