सहलीला निघताना एक रिकामा डबा जास्तीचा घ्या

दिवाळीनंतर शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. भोकरदन भागातल्या एका शिक्षकांनी पत्र पाठवून विचारले आहे की, आठवी-नववीच्या चाळीस मुलामुलींना एका मुक्कामासाठी किल्ल्यावर न्यायचे आहे, तर औषधांच्या पेटीत काय काय ठेवावे? पत्र मोठे काळजीने लिहिले आहे. पट्ट्या, ओआरएसची पाकिटे, साप चावला तर काय, आग्या मोहोळ उठले तर काय, सगळे विचारले आहे. एकच गोष्ट राहिली आहे. ही चाळीस मुले सकाळी उठून परसाकडे कुठे जाणार?

विषय नाक मुरडण्यासारखा आहे आणि हे पान बरेचजण चहाबरोबर वाचतात, याची मला कल्पना आहे. तरी थोडा हिशेब करू. आपल्या भाकरी-भाजीच्या आहारावर माणसाला दिवसाला पाव किलोच्या आसपास शौचास होते. चाळीस जणांचे झाले दहा किलो. हे दहा किलो गडाच्या माथ्यावर, बहुधा पाण्याच्या टाक्याच्या आसपासच पडते, कारण धुवायला पाणी तिथेच मिळते. पुढच्या रविवारी दुसरी शाळा येते, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी.

कोणी म्हणेल, मातीत जिरून जाईल. आपल्या काळ्या शिवारात जिरते, हे खरे. एक वीत खोल खड्डा करून वर माती लोटली तर जमिनीतले जंतू काही महिन्यांत त्याची माती करून टाकतात. पण हळद्याजवळचा वेताळवाडीचा किल्ला घ्या, जंजाळा घ्या किंवा कन्नड तालुक्यातला अंतूर घ्या. अजिंठ्याच्या डोंगररांगेतले हे सगळे किल्ले काळ्या कातळावर आहेत. माथ्यावर चार बोटे माती, खाली खडक. खणायचे कुठे? मग उघड्यावर पडलेली घाण पहिल्या पावसात उताराने निघते आणि सखल जागी, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यात जाऊन बसते. ज्यांनी ही टाकी खोदली त्यांनी पावसाचे पाणी वाहून तिथे यावे अशीच रचना केली होती.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एकाच गावची तीन तरुण मुले आठवड्याभरात पिवळे डोळे घेऊन आली. तिघांचेही एकमत होते की, तीन दिवसांपूर्वी ढाब्यावर खाल्लेली भाजी बाधली. मी त्यांना महिनाभर मागे नेले. मग आठवले की, सहाजण मिळून गडावर मुक्कामाला गेलो होतो आणि टाक्यातलेच पाणी प्यालो होतो. तेच कारण होते हे मी सिद्ध करू शकलो नाही, पण हिशेब बसत होता. अ प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसायला साधारण दोन ते सात आठवडे लागतात. इ प्रकारच्या काविळीला दोन ते दहा आठवडे. विषमज्वर एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. सहल तोवर विसरलेली असते आणि दोष बिचाऱ्या ढाबेवाल्याच्या माथी जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "आमची मुले सगळी ठणठणीत आहेत, त्यांच्यापासून कसला रोग पसरणार?" असे शिक्षक म्हणतात. अ प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे होण्याच्या आधीचे एक-दोन आठवडे शौचातून सर्वात जास्त विषाणू बाहेर पडतात. म्हणजे सहलीत गाणी म्हणत पुढे चालणारा मुलगा त्या दिवशी पूर्ण निरोगी दिसत असतो. जंताची अंडी तर वर्षानुवर्षे मातीत तग धरतात. आकडी कृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. आपल्याकडच्या मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी.

घाणेरड्या पाण्याची ताकद काय असते ते १९५५-५६ साली दिल्लीने पाहिले आहे. यमुनेत सांडपाणी शिरले, ते शहराच्या नळाच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती इ प्रकारची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या बायकांत दर पाचांत एक दगावू शकते. गडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या बायका ज्या झऱ्याचे पाणी भरतात तो झरा वरूनच येतो, एवढे मुलांना समजावून सांगा. मुले मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजतात.

आता उपाय. जगात तो पुष्कळ ठिकाणी चालू आहे. अमेरिकेत अलास्कामध्ये देनाली नावाचे २०,३१० फूट उंचीचे शिखर आहे. तिथे चढणाऱ्यांना झाकणाचे डबे दिले जातात आणि १४,२०० फुटांवरच्या तळापर्यंतची सगळी घाण खाली परत आणण्याचा नियम २०१८ पासून आहे. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुम्बू पासाङ ल्हामु ग्रामपालिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच नियम जाहीर केला: पिशव्या विकत घ्या, त्यात शौच करा आणि खाली आणून दाखवा. तिथे बर्फात काही कुजत नाही, आपल्याकडे कातळात काही जिरत नाही. अडचण सारखीच. त्या परदेशी पिशव्यांत एक पूड असते, ती ओल शोषून घट्ट करते. बाळाच्या डायपरमध्ये असते तीच जात.

आपल्याला एवढा खर्च नको. रंगाचा वीस लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. चाळीस मुलांना असे दोन डबे हवेत. जुन्या वर्तमानपत्राचे दुहेरी तुकडे आणि चुलीची चाळलेली राख किंवा लाकडाचा भुसा पोत्यात भरून न्यावा. दोन जुनी लुगडी चार काठ्यांना बांधली की आडोसा होतो. मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. कागदावर बसायचे, वर ओंजळभर राख टाकायची, पुडी करून डब्यात टाकायची आणि झाकण दाबून लावायचे. आपल्याला पाण्याशिवाय चालत नाही, तेव्हा धुण्यासाठी चार पावले बाजूला जावे, पण टाक्यापासून आणि वाहत्या पाण्यापासून निदान शंभर पावले दूर. धुण्याचे पाणी डब्यात घेऊ नये, नाहीतर डबा वाहून आणताना हाल होतात. नंतर साबणाने हात. माती चोळली म्हणजे झाले असे नाही.

खाली आल्यावर डबा शौचालयाच्या भांड्यात ओतू नये, कागदाने भांडे तुंबते. ज्या पालकाचे शेत असेल त्याच्या बांधाच्या आत, विहिरीपासून किमान शंभर फूट लांब, हातभर खड्डा करून पुड्या पुराव्यात. कागदासकट माती होते. मुलींचे वापरलेले पॅड मात्र यात घालू नयेत, ते वेगळ्या पिशवीत बांधून घरी आणावेत.

मुलींविषयी आणखी थोडे. आडोसा नाही म्हटल्यावर मुली आदल्या रात्रीपासूनच पाणी पिणे बंद करतात. सहलीहून आल्यावर लघवीला जळजळ, थंडी-ताप, पाठीत कळ असे घेऊन येणाऱ्या मुली मी दरवर्षी तपासतो. त्यांचा आजार टाक्यातल्या पाण्याचा नसतो, न प्यालेल्या पाण्याचा असतो. औषधांच्या पेटीपेक्षा ती दोन लुगडी जास्त कामाची आहेत.

"आम्ही मैला वाहून आणायचा?" हा प्रश्न येणार. शेण आपण हाताने थापतो, पण स्वतःचे म्हटले की लाज वाटते. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या डोक्यावर दुसऱ्यांच्या मैल्याची टोपली दिली गेली आणि ती प्रथा बंद करायला २०१३ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला, तिथे स्वतःची पुडी स्वतः उचलण्यात कमीपणा कसला? दुसऱ्याला उचलायला लावण्यात आहे. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत, ते काय उगीच?

पंढरीच्या वाटेवर एकेकाळी पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय वारकऱ्याला पुढे जाऊ देत नसत. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती सुई आठवत असेल. ती लस काही महिनेच आणि तीही अर्धवट उपयोगी पडे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये प्रवाशांसाठी तिची सक्ती काढली. २०१५ पासून 'निर्मल वारी'त पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये उभी राहू लागली, ते काम मला जास्त मोलाचे वाटते. राजूरला अंगारकीच्या रात्री जालन्याहून आणि आजूबाजूच्या गावांहून हजारो लोक पायी जातात. सकाळी रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला आपल्याच वावरात पाऊल टाकवत नाही. तिथेही दहा-बारा जणांच्या मेळ्यामागे एक डबा सहज नेता येईल.

हौशी मंडळी हल्ली कुत्रेही डोंगरावर नेतात. कुत्र्याची विष्ठा शेणासारखी निरुपद्रवी नाही. तिच्यात गोल कृमी आणि आकडी कृमी असतात, आणि एका बारीक पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याची गाठ वाढते. ती कधीकधी नारळाएवढी होऊन शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्र्याला हा कृमी मिळतो शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या काळजातून आणि फुफ्फुसातून. म्हणून कंदुरीनंतर ती कुत्र्यापुढे फेकू नयेत, पुरावीत. मेंढपाळांनी तर हे नक्की पाळावे. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. विष्ठा उचलायला पिशवी हातमोज्यासारखी हातात घालायची, उचलायचे आणि पिशवी उलटी करून गाठ मारायची.

पत्र लिहिणाऱ्या गुरुजींना शेवटचे सांगणे असे की, पाणी शक्यतो खालून न्यावे. टाक्यातलेच घ्यावे लागले तर गाळून एक मिनिट खळखळून उकळावे. सहलीनंतर दोन महिने हजेरी घेताना मुलांच्या डोळ्यांकडे लक्ष असू द्यावे. भूक मेली, मळमळते, लघवी गडद पिवळी होते असे कोणी सांगितले तर त्याला नाकात रस घालणाऱ्याकडे किंवा माळ घालणाऱ्याकडे नेऊ नये. घरात कोणी गर्भार असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.